‘हात लावला का?’ विचारणाऱ्या एचआरला काय सांगायचं

पत्र

ताई, मी एका खासगी कारखान्यात परचेस विभागात चार वर्षं आहे. विभागात नऊ जण, त्यात बाई मी एकटीच. आमचे साहेब माझ्या कपड्यांवर, अंगकाठीवर रोज काहीतरी बोलतात. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घाणेरडे विनोद टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारतात, ‘मॅडमना कळला का?’ दिवाळीनंतर रात्री अकरा-बारा वाजता खासगी मेसेज सुरू झाले: ‘एकटीच आहेस का’, ‘रविवारी लोणावळ्याला येतेस का’. साहेबांना दुखवायला नको म्हणून सुरुवातीला हसऱ्या इमोजी टाकून वेळ मारून नेली. जानेवारीच्या शेवटी स्पष्ट नाही म्हटलं. खासगी मेसेज बंद झाले, पण ग्रुपवरचे विनोद आणि टोमणे चालूच आहेत, अगदी गेल्या आठवड्यापर्यंत. फेब्रुवारीपासून व्हेंडरच्या मीटिंगला मला बोलावत नाहीत. एप्रिलमध्ये रेटिंग पहिल्यांदाच घसरलं. एचआरच्या मॅडमना तोंडी सांगितलं तर म्हणाल्या, ‘हात लावला का? कोणी पाहिलं का? नाही ना, मग सिद्ध कसं करणार? उलट तुझ्यावरच येईल.’ बरेचसे मेसेज मी संतापून डिलीट केलेत. घरचे म्हणतात, नोकरी सोड. हे कायद्यात बसतं का, आणि बसत असेल तर सिद्ध करायला नेमकं काय लागतं?

– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर

एचआरच्या मॅडमनी विचारलेल्या दोन्ही प्रश्नांवर कायदा अडून बसत नाही. त्याला विचारायचंय ते वेगळंच, आणि त्याची उत्तरं तुमच्या पत्रात बरीचशी आहेत. तुमचं पत्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगते: खाली मुदतीबद्दल लिहिलंय तो भाग दोनदा वाचा. अशा तक्रारी पुराव्याअभावी पडतात त्याहून जास्त त्या उशिरामुळे आणि मोघमपणामुळे पडतात, असं माझं मत आहे.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, म्हणजे सगळे ज्याला ‘पॉश’ कायदा म्हणतात तो, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये छळाची पाच प्रकारची कृत्यं दिलीत: शारीरिक स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी वा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील साहित्य दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं दुसरं कुठलंही नकोसं वर्तन, मग ते बोलून असो वा न बोलता. स्पर्श हा या पाचांतला एक, बस. पुढे कलम ३ मध्ये तुमच्या विभागाचं जणू वर्णनच आहे. बाईच्या कामात अडथळे आणणं किंवा तिच्यासाठी धाकाचं, अपमानाचं, प्रतिकूल असं कामाचं वातावरण तयार करणं, हे लैंगिक वर्तनाशी जोडलेलं असेल तर तो लैंगिक छळ ठरू शकतो. बढतीचं आमिष, नुकसानीची धमकी आणि प्रकृतीवर परिणाम होईल अशी मानहानीची वागणूक हेही त्याच कलमात येतं.

‘हात लावला का’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच निकालात काढलाय. निर्यात क्षेत्रातल्या एका परिषदेच्या अध्यक्षांच्या खासगी सचिवाने टायपिस्ट मुलीशी लगट करायचा प्रयत्न केला, म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, त्याने फक्त प्रयत्न केला, प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध नाही, सबब शिक्षा चूक. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अशा प्रकरणांत किरकोळ विसंगती आणि शब्दकोशातले अर्थ यांच्या मागे लागू नका, सगळं मिळून काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते बघा, असं बजावलं. हा निकाल पॉश कायद्याच्या आधीचा, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर पहिल्यांदा मार्गदर्शक तत्त्वं घालून देणाऱ्या विशाखा निकालानंतर दीडेक वर्षानेच आलेला. एवढ्या जुन्या गोष्टीची एचआरमध्ये अजून कुणाला गंधवार्ता नसावी, याचा मला राग येतो. पण तुम्ही रागावू नका, तुम्हाला काम आहे.

आता, सिद्ध काय करायचं? माझ्या हिशेबाने तीन गोष्टी. वर्तन लैंगिक स्वरूपाचं होतं. ते तुम्हाला नकोसं होतं. आणि त्याचा तुमच्या कामावर, कामाच्या जागेवर परिणाम झाला. या तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि वकिलाच्या नजरेने पाहिलं तर तुमच्या पत्रात तिन्ही सारख्या भक्कम नाहीत.

लैंगिक स्वरूप ही पहिली पायरी, आणि तिथे प्रामाणिक राहायला हवं. साहेब खडूस असणं, ओरडणं, कामं लादणं हा छळ असू शकतो, पण लैंगिक छळ नव्हे. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका संशोधन संस्थेतल्या प्रकरणात सांगितलं, की भांडणाच्या भरात दंड धरून ढकलणं हा स्पर्श असला तरी त्याला लैंगिक रंग नसेल तर हा कायदा लागत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका खासगी बँकेतलं प्रकरण होतं. प्रशिक्षणाच्या सत्रात सहकारी महिलेच्या लांब केसांवर एकदा थट्टा केली आणि जुन्या सिनेगाण्याची ओळ म्हटली, एवढाच मुख्य आरोप. न्यायालयाने म्हटलं, हे सगळं खरं धरलं तरी लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे, आणि त्या वेळी खुद्द त्या बाईंनाही ते तसं वाटलं नव्हतं असं कागदावरून दिसतं. हा निकाल अनेकींना आवडला नाही. मलाही तो सगळा पटत नाही, पण तुमचे साहेब उद्या तोच नाचवतील, म्हणून माहीत असलेला बरा. तुमची गोष्ट त्यापेक्षा फार वेगळी आहे. अंगावरून रोज शेरे, अश्लील विनोद, वर ‘मॅडमना कळला का’ असं मुद्दाम तुम्हाला उद्देशून विचारणं, आणि रात्री ‘एकटीच आहेस का’. या ओळीला दुसरा कुठलाही साधा अर्थ लावता येत नाही. ग्रुपवरचा विनोद एकटा असता तर ‘मी तर सगळ्यांसाठी टाकला’ असं म्हणून ते सुटायला बघतील. दुसऱ्या दिवशीचा तो प्रश्नच त्या विनोदाला तुमच्याकडे वळवतो. त्यामुळे तक्रारीत विनोद आणि प्रश्न जोडीनेच लिहा, वेगवेगळे नकोत.

दुसरी पायरी नकोसेपणाची. इथे तुम्हाला तुमच्या हसऱ्या इमोजीची भीती वाटते आहे, पत्रात ते दिसतं. इमोजी लपवू नका. साहेब त्या दाखवणारच, आणि त्यांच्याकडून आधी आल्या तर तुम्ही लपवल्या असं होईल. तक्रारीत सरळ लिहा: ‘ते माझे वरिष्ठ, माझं अप्रेझल त्यांच्या हातात, म्हणून मी विषय टाळण्यासाठी हसण्याच्या खुणा पाठवल्या, एकदाही हो म्हटलं नाही, एकदाही स्वतःहून तसा मेसेज केला नाही.’ आणि मग जानेवारीतला स्पष्ट नकार. वरिष्ठासमोर हसणं म्हणजे संमती नव्हे, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही, अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीत बसलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक असतं.

नकोसं आहे की नाही हे कुणाच्या नजरेने ठरवायचं, यावरही न्यायालयांनी बोलून ठेवलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका डॉक्टर महिलेच्या प्रकरणात सांगितलं, की छळाकडे सोसणाऱ्या बाईच्या बाजूने बघायला हवं, कारण पुरुषाला जे किरकोळ वाटतं ते बाईला तसं वाटेलच असं नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तेच अधिक ठसठशीतपणे म्हटलं: करणाऱ्याचा हेतू काय होता याला कायद्यात जागा नाही, समोरच्या बाईला ते कसं पोचलं हे महत्त्वाचं. तिथला अधिकारी म्हणत होता, मी खुर्चीच्या मागे उभा राहायचो ते कामावर देखरेख म्हणून. कामगार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता, उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा ‘मस्करी होती हो’ हा बचाव म्हणून तोकडा आहे. मात्र या निकालांचा अर्थ ‘मला वाटलं म्हणजे झालं’ असा नाही. तुमच्या जागी कुणीही समंजस बाई असती तर तिलाही तसंच वाटलं असतं, इतपत समितीला पटायला हवं.

इथे एक आडवळण घेते. इंटरनेटवर शोधलंत तर तुम्हाला ‘वर्तन गंभीर किंवा सर्वव्यापी असलं पाहिजे’ असा निकष सापडेल. तो अमेरिकेचा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात तो घालून दिला आणि १९९३ मध्ये त्यात भर घातली, की मानसिक खच्चीकरण झाल्याचं सिद्ध करायची गरज नाही. आपल्या कायद्याच्या मजकुरात ‘गंभीर किंवा सर्वव्यापी’ हे शब्द नाहीत. एखादी घटना पुरेशी वाईट असेल तर एकच घटनाही पुरते. तरीही प्रतिकूल वातावरणाची तक्रार असते तेव्हा सातत्य दाखवल्याने बळ येतं, हे व्यवहारातलं सत्य आहे. कुणी ‘पॅटर्न सिद्ध करा, नाहीतर केस नाही’ म्हणालं, तर तो नियम कुठल्या कलमात आहे ते विचारा.

रात्रीचे मेसेज ऑफिसबाहेरचे, असंही कुणीतरी म्हणेल. कायद्यातली कामाच्या जागेची व्याख्या रुंद आहे, नोकरीच्या ओघात जिथे जावं लागतं ती सगळी ठिकाणं तिच्यात येतात. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात तर वेगवेगळ्या राज्यांत काम करणाऱ्यांसाठीही डिजिटल मंच हीच कामाची जागा धरली. तुमचे साहेब तर तुमच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतात.

तिसरी पायरी, कामावर परिणाम. मीटिंगमधून वगळणं आणि घसरलेलं रेटिंग इथे कामाला येतं, पण दुव्यासकट. नुसतं ‘रेटिंग कमी दिलं’ म्हणालात तर ते म्हणतील, कामगिरी खालावली. आधीच्या तीन वर्षांची रेटिंग्ज, व्हेंडरच्या ज्या मीटिंगला तुम्ही जानेवारीपर्यंत जात होतात त्यांची निमंत्रणं, फेब्रुवारीनंतर त्याच मीटिंगच्या यादीतून गायब झालेलं तुमचं नाव, आणि मधोमध तो नकार. हा क्रम स्वतःच बोलतो. झोप उडाली असेल, डॉक्टरकडे गेला असाल, तर ते कागदही ठेवा. पुढे कलम १५ खाली भरपाई ठरवताना मानसिक त्रास, हुकलेली संधी आणि औषधोपचाराचा खर्च बघतात.

आता किती पुरावा म्हणजे पुरेसा पुरावा? पोलिसांच्या खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. अंतर्गत समितीपुढे तसं नाही. तिथे, घडलं असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का, एवढंच तोलतात. पुराव्याच्या कायद्यातले काटेकोर नियमही समितीला जसेच्या तसे बांधत नाहीत. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून येणार, हे समितीला समजतं. तुमचं सुसंगत, तारखांनिशी दिलेलं निवेदन हा स्वतःच पुरावा आहे. आजूबाजूचे छोटे दुवे त्याला टेकू देतात. बहिणीला त्याच रात्री ‘साहेबांनी पुन्हा मेसेज केला’ असं कळवलं असेल, तर तो एक मेसेज चार साक्षीदारांइतका बोलका ठरू शकतो, कारण तेव्हा तुमच्या डोक्यात तक्रार नव्हती.

डिलीट केलेल्या मेसेजचं दुःख करू नका, शोध घ्या. तुमच्या फोनचा क्लाउडवर बॅकअप असेल तर त्यात जुने मेसेज असण्याची शक्यता आहे. आधी एखाद्या जाणकाराला विचारा, मगच फोनला हात लावा, कारण घाईत नवा बॅकअप घेतलात तर जुना पुसला जाऊ शकतो. ग्रुपवरचे मेसेज तर बाकीच्या आठ जणांच्या फोनमध्येही आहेत. त्यातला एखादा बिचकत का होईना मदत करेल. नाहीच केली तरी समितीला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, ती माणसांना बोलावू शकते, कागद आणि मेसेज हजर करायला सांगू शकते. तक्रारीत तशी लेखी विनंती करा. जे मेसेज उरलेत त्यांचे स्क्रीनशॉट घेताना नंबर, तारीख आणि आधीचं-नंतरचं संभाषण दिसू द्या, आणि तो फोन विकू नका, बदलू नका, रीसेट करू नका. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

दोन गोष्टी मात्र टाळा. साहेबांना बोलतं करण्यासाठी आता स्वतःहून गोड मेसेज पाठवू नका, असा सल्ला देणारी मैत्रीण प्रत्येकीला असतेच. आणि ऑफिसच्या कामाच्या फायली, दरपत्रकं, व्हेंडरच्या याद्या स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. परचेसमध्ये आहात, गोपनीयता मोडल्याचा ठपका ठेवायला त्यांना तेवढंच हवं असतं. मीटिंगच्या निमंत्रणांचा तपशील तारखेनिशी लिहून ठेवा, कागद समितीमार्फत मागवा.

आता मुदत. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती कारणं नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. त्यापुढे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची तक्रार याच कारणावरून मुदतबाह्य ठरवली. त्यांच्या आरोपांनुसार लैंगिक स्वरूपाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली होती, तक्रार त्याच वर्षी डिसेंबरात. मधल्या काळात त्यांना एका पदावरून हटवलं होतं, म्हणून छळ चालूच होता असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, ती प्रशासकीय कारवाई होती, ती स्वतः लैंगिक छळ नाही, त्यामुळे तिने मुदत वाढत नाही.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय ते बघा. खासगी मेसेज जानेवारीत थांबले, त्यांचे तीन महिने एप्रिलअखेर संपले आणि सहा महिने जुलैअखेर संपतील. एप्रिलचं रेटिंग ही शेवटची घटना धरून बसलात तर वरच्या निकालाने तुमचीच अडचण होईल. तुमची शेवटची घटना म्हणजे गेल्या आठवड्यातला ग्रुपवरचा विनोद आणि त्यावरचा टोमणा. तो लैंगिक स्वरूपाचा आहे, त्याच माणसाचा आहे, त्याच धाग्यातला आहे. तक्रारीत तो तारखेसह ठळकपणे शेवटी येऊ द्या. शेरे, ग्रुपवरचे विनोद, खासगी मेसेज, नकार, नंतरचे टोमणे ही एकच मालिका आहे असं स्पष्ट लिहा. आणि खाली एक वेगळी ओळ घाला: काही घटना मुदतीबाहेरच्या आहेत असं समितीला वाटलंच, तर नोकरीची भीती आणि एचआरने चुकीची माहिती देऊन परावृत्त केल्यामुळे उशीर झाला, तो माफ करावा. एचआरशी कुठल्या दिवशी बोललात तेही लिहा. एचआरला तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल. घड्याळ तिकडे थांबलेलं नाही.

तक्रार अंतर्गत समितीकडे द्यायची. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी ती असायलाच हवी: अध्यक्ष म्हणून वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाहेरची सदस्य, आणि एकूण निम्म्या तरी महिला. समितीच्या नेमणुकीचा आदेश कामाच्या जागी ठळकपणे लावणं मालकावर बंधनकारक आहे. बोर्ड शोधा, त्याचा फोटो काढा. बोर्ड नसेल, समितीच नसेल, तर तेही तक्रारीत लिहा. त्यासाठी मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा माणसं दहाहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं, तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही. नियमांनुसार सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. पोच घ्या.

मजकूर कसा लिहायचा, यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. ‘साहेब नेहमी घाणेरडं बोलतात’ हे वाक्य समितीला काहीच देत नाही. ‘मार्चच्या पहिल्या आठवड्यात, स्टॉक मिटिंग सुटताना, अमुक आणि अमुक समोर असताना ते म्हणाले…’ आणि पुढे त्यांचे शब्द, जसेच्या तसे, कितीही लाजिरवाणे वाटले तरी. अशा तक्रारींत बायका नेमका तोच शब्द गाळतात, ज्यावर सगळं प्रकरण उभं असतं. तारीख आठवत नसेल तर ओढूनताणून लिहू नका, ‘दिवाळीची सुट्टी संपल्यावर दोनेक दिवसांत’ हे खोट्या अचूक तारखेपेक्षा शंभरपट बरं. एक तारीख चुकीची निघाली की उलटतपासणीत उरलेल्या दहा तारखांवर शंका येते. लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न विचारत नाहीत. समितीपुढे मात्र कुणाच्याच बाजूने वकील उभा राहू शकत नाही.

पुढची चाल थोडक्यात. समिती सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत साहेबांना पाठवते, त्यांना उत्तर द्यायला दहा कामाचे दिवस मिळतात, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. त्यांना तुमच्या साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी मिळेल. ती मिळायलाच हवी, आणि ती तुमच्याही फायद्याची आहे. गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात २००९ मधल्या तक्रारींवर झालेली कारवाई मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण समितीने सुनावण्या इतक्या घाईत उरकल्या की आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळच मिळाला नाही. समिती ढिसाळ वाटली तर लेखी हरकत घ्या, पण साहेबांना संधी नाकारली जातेय म्हणून खूश होऊ नका. आणखी एक: पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. म्हणजे कंपनी नव्याने चौकशी करत बसणार नाही. जे मांडायचं ते समितीपुढेच मांडा, ‘नंतर सांगू’ म्हणून काही राखून ठेवू नका. अहवाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील आहे.

चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागणी केली तर समिती तुमची किंवा साहेबांची बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा तुमच्या कामाचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा अशी शिफारस करू शकते. तुमच्या जागी मी ही शेवटची मागणी पहिल्याच दिवशी तक्रारीसोबत केली असती. बदली मागायची तर त्यांची मागा, स्वतःची नको. समझोत्याचा प्रस्ताव येईल. तो तुम्ही मागितला तरच होऊ शकतो, कुणी लादू शकत नाही, आणि पैशांवर समझोता करायला कायद्याची मनाई आहे. एकदा समझोता झाला की पुढची चौकशी थांबते, म्हणून ‘कशाला वाढवायचं’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे मान डोलावू नका.

‘उलट तुझ्यावरच येईल’ ही धमकी कलम १४ वरून आलीय, पण अर्धवट. जाणूनबुजून खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिले तर कारवाई होऊ शकते, हे खरं. त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय, की केवळ आरोप सिद्ध करता आले नाहीत किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येणार नाही. दुष्ट हेतू होता हे वेगळ्या चौकशीत सिद्ध करावं लागतं. एचआरच्या मॅडमना हे कलम पूर्ण वाचायला द्या.

पोलिसांत जायचं की नाही हा वेगळा निर्णय, आणि तो तुमचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं आहे. नुसत्या लैंगिक शेऱ्यांना एक वर्षापर्यंत, तर शरीरसुखाच्या मागणीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे पुराव्याची पट्टी वर सांगितली तशी उंच आणि वेळही जास्त. समिती आणि पोलीस दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या असतात, आणि पोलिसांत जायचं ठरवलंत तर कंपनीने मदत करणं हे कायद्याने तिचं कर्तव्य आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, आधी समिती.

राहिला घरच्यांचा सल्ला. राजीनामा दिलात तरी तक्रारीचा हक्क जात नाही, कायद्यातली पीडित महिला ‘नोकरीत असो वा नसो’ अशीच आहे. पण बाहेर पडल्यावर ग्रुपवरचा पुढचा विनोद तुम्हाला दिसणार नाही, मीटिंगच्या याद्या दिसणार नाहीत, अहवाल दुसऱ्याने लिहिण्याची मागणी निरर्थक होईल, आणि साहेब म्हणतील, कामगिरी वाईट होती म्हणून गेली. आधी तक्रारीची पोच हातात घ्या. नोकरीचं त्यानंतर, घरच्यांशी शांतपणे बोलून ठरवा.